बिऱ्हाड, भाडेकरू, पात्र : मुंबईतील निवाऱ्याच्या परिभाषेचा इतिहास

मुंबईतील निवाऱ्याच्या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः कायदे, योजना आणि लोकसंख्येचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. या साधनांच्या जोडीला आणखी एक साधन विचारात घेण्याजोगे आहे. ते म्हणजे घरासाठी आणि घरात राहणाऱ्या माणसासाठी वेळोवेळी रूढ झालेले शब्द. प्रारंभीचे शब्द वास्तूचे वा संसाराचे वर्णन करतात. नंतरचे शब्द माणसाचा हक्क कोणत्या तारखेपासून धरावयाचा एवढेच सांगतात. हे स्थित्यंतर कसे घडले ते दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांमुळे कोकणातून व घाटावरून आलेला कामकरी वर्ग चाळींत राहू लागला. चाळ म्हणजे खोल्यांची रांग, आणि बिऱ्हाड म्हणजे त्या खोलीतील संसार. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीतून दिसणारा तात्पुरतेपणा या शब्दात मुळातच आहे. म्हणूनच चाकरमान्याचे ‘घर’ गावी असे. मुंबईत त्याची असे ती ‘खोली’. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि या खोल्यांतील दाटी सरकारच्या चिंतेचा विषय झाली. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. परंतु प्रारंभीच्या वर्षांत जितकी बिऱ्हाडे उठली तितक्या नव्या खोल्या उभ्या राहिल्या नाहीत. परिणामी उठलेली माणसे शेजारच्या चाळींतच दाटीने शिरली.

१९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या झाल्या. त्यांतील पुष्कळशा खोल्या, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षे रिकाम्या राहिल्या. कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर आणि भाडे यांचा मेळ मजुराच्या वेतनाशी बसत नव्हता. टंचाई आणि रिकाम्या खोल्या एकाच शहरात एकाच वेळी असू शकतात, हा धडा तेव्हाच मिळालेला होता.

दुसरा उपाय भाडेनियंत्रणाचा. त्याचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली झाला. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरले. येथे प्रथमच एक तारीख निवाऱ्याच्या केंद्रस्थानी आली. जुन्या भाडेकरूला या कायद्याने मोठाच आधार दिला, यात शंका नाही. परंतु नवागताला खोली हवी असल्यास पागडी मोजणे भाग पडले. शिरोभूषणाचे नाव धारण करणारी ही रक्कम वस्तुतः संरक्षित वर्तुळात शिरण्याचे मोल होती. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यताही दिली.

ज्यांना ते मोल देता आले नाही, त्यांच्या वस्तीसाठी ‘झोपडपट्टी’ हा शब्द रूढ झाला. शासकीय मराठीत ‘गलिच्छ वस्ती’ असाही प्रयोग झाला. १९७१ साली या वस्त्यांसंबंधीचा कायदा झाला आणि १९७६ साली झोपड्यांची गणना झाली. जुलै १९८१ मध्ये पदपथांवरील लोकांना हटविण्याची मोहीम निघाली. तीतून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. तथापि पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. पर्यायी जागेसाठी आधार ठरला तो १९७६ च्या गणनेतील नोंदीचा. पुढे १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. त्या योजनेत १ जानेवारी १९९५ ही मर्यादा होती. २०१४ साली ती १ जानेवारी २००० पर्यंत पुढे सरकली.

या व्यवस्थेने मराठीला दिलेले दोन शब्द म्हणजे ‘पात्र’ आणि ‘अपात्र’. ‘पात्र’ हा आपल्या परंपरेत गुणवाचक शब्द आहे. सत्पात्री दान, विद्येस पात्र शिष्य, असे आपण म्हणतो. निवाऱ्याच्या संदर्भात मात्र तो केवळ पुराव्यातील तारखेचा वाचक झाला. तारखेच्या दुसऱ्या दिवशी आलेला मनुष्य गरजेने तितकाच गरजवंत असूनही ‘अपात्र’ ठरतो. आणि या शब्दामुळे उणीव योजनेत नसून त्या मनुष्यातच असल्याचा भास होतो.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते. एवढ्या लोकांना अपवाद मानता येत नाही. यापूर्वीच्या उपायांचे मोल नाकारण्याचे कारण नाही; परंतु त्यांपैकी बहुतेकांनी आधी आलेल्यांचे रक्षण केले आणि पुढे येणाऱ्यांसाठी परवडणारी खोली कोठून यावी, हा मूळ प्रश्न मागे ठेवला. वाढत्या नगरात मनुष्य येतच राहणार. त्याच्यासाठी आपल्या परिभाषेत ‘अपात्र’ याखेरीज शब्द नसणे, हेच या प्रश्नाच्या अपुऱ्या उत्तराचे सर्वांत बोलके प्रमाण होय.