परीक्षेपलीकडचे महाविद्यालय

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. परंतु परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच दीर्घकाळ त्याचे मुख्य कार्य होते. खरे विद्यार्थिजीवन फुलले ते महाविद्यालयांत.

जर्मन येशूसंघीयांनी १८६९ साली सुरू केलेले सेंट झेवियर्स हे त्यांपैकी एक. तेथे १९०६ साली स्विस धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारला. पाठांतराच्या त्या युगात झाडे प्रत्यक्ष पाहून शिकण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना नजरकैद आणि हद्दपारी सोसावी लागली. महाविद्यालय आपल्या गुरुजनांना पारखे झाले. तटस्थ देशाचे फादर ब्लॅटर मात्र राहू शकले आणि १९१९ साली प्राचार्य झाले. १९२२ साली स्पेनहून फादर हेरास आले. १९२६ साली त्यांनी इतिहास-संशोधन संस्था स्थापून विद्यार्थ्यांना मूळ साधनांकडे वळवले.

गुरू गेले, ज्ञानसाधना उरली. मुलांना प्रवेश मिळताच आम्ही पेढे वाटतो. पदवीखेरीज ती तेथून काय घेऊन येतात, हे मात्र आम्ही क्वचितच विचारतो.