पाणी महालावरचं नाव आणि पुण्याच्या पेशी

बोरी नदीला पाणी आलं की नळदुर्गच्या किल्ल्यात गर्दी उसळते. नर-मादी धबधबे कोसळत असतात आणि बांधाच्या पोटातल्या पाणी महालात आपण कोरडे उभे असतो. तिथला फारसी शिलालेख मात्र सेल्फीच्या पाठीमागेच राहतो. काळ इब्राहीम आदिलशाह दुसऱ्याचा, साल १६१३, बांधणारा मीर मुहम्मद इमादीन. कारागिराचं नाव त्याच्याच कामावर उरावं, हे भाग्य थोड्यांचं.

हाच पाऊस डेंग्यूही आणतो. गेल्या वर्षी भाची तापानं फणफणली होती. बरी झाल्यावर विचारते, "मामू, डेंग्यूवर खास औषध नाही म्हणतात. मग शोधतात तरी कसं?" उत्तर शोधताना मी पुण्याला पोहोचलो.

विषाणू वाढायला जिवंत पेशी लागते. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात (आजची एनआयव्ही) के. आर. पी. सिंग यांनी डासांच्या अळ्यांपासून अशा पेशी वाढवल्या आणि १९६७ साली ते काम प्रसिद्ध केलं. अडचण अशी, की डेंग्यूचा विषाणू आत शिरला तरी या पेशी पुष्कळदा धडधाकटच दिसतात.

इथे कामी येतो फ्लुरोसन्स. काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्याच रंगात चमकतात. जॉर्ज स्टोक्सनं १८५२ साली हे उलगडलं, तेही हिवतापावरच्या क्विनाइनच्या द्रावणावर प्रयोग करून. पुढे १९४०च्या दशकात अल्बर्ट कून्सनं असा चमकणारा रंग अँटिबॉडीला जोडून दाखवला. अँटिबॉडी विषाणूला चिकटते आणि बाधित पेशी अंधारात हिरवी उजळते. (आपल्यात प्रकाशाचा विषय निघाला की गाडी इब्न अल-हैसमपाशी थांबते. अभिमान मलाही आहे, पण त्यांच्या नंतरची हजार वर्षंही वाचावी लागतील ना?)

या उजळलेल्या पेशी पूर्वी माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायचा. डोळे थकायचे, दोघांची मोजणी जुळायची नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत हे काम यंत्राकडे सोपवलं गेलं. प्लेटमध्ये ९६ किंवा ३८४ खळगे, त्यांत पेशी, विषाणू आणि तपासायची वेगवेगळी औषधं. यंत्र प्लेट सरकवतं, स्वतःच फोकस लावतं, फोटो काढतं आणि मोजतं. निळी केंद्रकं म्हणजे एकूण पेशी, हिरव्या त्या बाधित. हिरव्या घटल्या आणि निळ्या तेवढ्याच राहिल्या, तर औषधात दम आहे. निळ्याही घटल्या, तर औषधानं पेशीच मारल्या! भाचीला हा हिशोब फार आवडला.

अशा चाचणीत बहुधा माणसाच्या पेशी असतात, पण त्यांना लावायचा विषाणू अनेकदा डासाच्या पेशींत वाढवलेला असतो. १९७८ साली अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या पेशींतून डेंग्यूला सहज बळी पडणारा एक वाण निवडला. जगभरच्या प्रयोगशाळांत आज तो 'सी-६/३६' या नावानं चालतो. त्या नावात ना पुणे, ना सिंग. इगाराशींनी मात्र आपल्या निबंधाच्या शीर्षकातच लिहून ठेवलं, की या पेशी सिंग यांच्या.