हिपहॉपचा ठेका आणि त्याचे प्रांतभेद



हिपहॉप आणि रॅप हे शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांत भेद आहे. पोवाडा ऐकतांना शाहिराचे बोल निराळे आणि डफाचा ठेका निराळा, हें आपण सहज ओळखतों. त्याचप्रमाणें तालावर यमकबद्ध शब्द बोलणें म्हणजे रॅप. आणि तबकड्यांचें वादन, रॅप, नृत्य व भिंतींवरील रंगलेखन या सर्वांना पोटांत घेणारी संस्कृति म्हणजे हिपहॉप. आज विचार करावयाचा आहे तो ठेक्याचा. अमेरिकेच्या निरनिराळ्या प्रांतांत तो निराळा कां झाला? हातीं असलेलें साधन आणि ऐकण्याची जागा, या दोहोंनीं तो घडविला, असें इतिहास पाहतां दिसतें.

११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत एका इमारतींतील दालनांत तरुणांचा जलसा झाला. तबकड्या लावणारा होता जमैकांत जन्मलेला क्लाइव्ह कँबेल ऊर्फ कूल हर्क. गायन थांबून नुसते ड्रम वाजूं लागले कीं नाचणारांस विशेष रंग चढतो, हें त्यानें हेरलें. आणि एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर आलटूनपालटून लावून तो क्षणभराचा तुकडा तो हवा तितका लांबवूं लागला. हिपहॉपच्या ठेक्याचें मूळ तें हेंच.

पुढें असे तुकडे यंत्रांत सांठवितां येऊं लागले. १९८७ च्या एस्‌पी-१२०० यंत्रांत जेमतेम दहा सेकंदांचा ध्वनि मावे. त्यामुळें न्यूयॉर्कचा ठेका आखूड, खरखरीत आणि ठसठशीत झाला. कॅलिफोर्नियांत संगीत मोटारींतून ऐकलें जाई. तेथें डॉ. ड्रे यानें १९९२ च्या ‘द क्रॉनिक’मध्यें जुन्या फंक संगीताच्या चाली वादकांकडून नव्यानें वाजवून घेतल्या; ठेका संथ आणि खर्ज भरदार झाला.

दक्षिणेची कथा अधिक मौजेची आहे. जपानच्या रोलंड कंपनीचें टीआर-८०८ हें तालयंत्र १९८० सालीं निघालें. खऱ्या ड्रमची नक्कल त्यास साधेना. १९८३ पर्यंत त्याचें उत्पादन थांबलें आणि तें जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलें. त्याच्याच घुमणाऱ्या खर्जावर मायामीनें द्रुत लयीचें नृत्यसंगीत उभारलें आणि अटलांटानें झांजेच्या भरभर पडणाऱ्या आघातांचा ‘ट्रॅप’ ठेका. न्यूयॉर्कच्या शोबॉईज या मंडळीची १९८६ ची ‘ड्रॅग रॅप’ ही तबकडी तर घरीं फारशी गाजली नाहीं. पण न्यू ऑर्लीन्सनें तिच्यावरच आपली ‘बाउन्स’ शैली उभी केली.

या उसनवारीस एक दुःखद बाजू आहे. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायालयानें परवानगीवांचून तुकडा घेणें ही चोरी ठरविली. तेव्हांपासून परवानगीचे दाम मोजावे लागूं लागले. परंतु ते मिळाले हक्कधारकांना. जेम्स ब्राऊनच्या १९७० च्या ‘फंकी ड्रमर’मधील क्लाइड स्टबलफील्ड याचा ठेका शेंकडों गाण्यांत वापरला गेला. गीतकार म्हणून त्याचें नांव नव्हतें. म्हणून त्या कमाईंतलें जवळजवळ कांहींच त्याच्या हातीं आलें नाहीं. २०१७ सालीं तो वारला. हें संगीत कानीं पडेल तेव्हां त्या वादकाचें नांव आपणांस ठाऊक असावें, एवढ्यासाठींच तें येथें सांगितलें.