बायपॅपचा मास्क चेहऱ्याच्या मापाचाच का हवा?
ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत मूळ बिघाड फुप्फुसांत नसतो. श्वास ओढणारे स्नायू दुबळे होतात. झोपेत कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं दुखतं. नुसता ऑक्सिजन लावला तर धोका वाढू शकतो. लागतं ते हवा दाबाने आत सोडणारं बायपॅप. पण मास्कच्या कडेने हवा सुटली तर महागडं मशीनही फुकट, आणि पट्टा आवळला तर नाकाच्या हाडावर जखम. तयार माप बसत नसेल तर चेहऱ्याचा साचा किंवा थ्रीडी स्कॅन घेऊन सिलिकॉनचा मास्क बनवता येतो. हात उचलता न येणाऱ्या रुग्णाला उलटी झाली, तर तोंडही झाकणारा मास्क जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे नाकापुरता मास्क जमतो का, हे डॉक्टरांना आधी विचारावं. हा आजार २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोडतो. नाशिकमध्ये प्रमाणपत्रासाठीची तपासणी जिल्हा रुग्णालयात होते.