पर्वतीखालची लंका

पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचं वर्णन ऐकवतात. तिथे चार दिवस लाखो दिवे लागतात आणि राजा शहराबाहेर 'दारूची लंका' जाळतो. (दारू म्हणजे शोभेची, उगाच हसू नका.) मधोमध रावण, भोवती राक्षस आणि वानर, आणि दारूचाच एक भलामोठा हनुमान. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडतो आणि लंकेतली घरं पेटवत सुटतो.

हे ऐकल्यावर पेशव्यांनी हट्टच धरला म्हणायचा. आम्हालाही दाखवा! महादजींनी पंधरा दिवसांत पर्वतीच्या पायथ्याशी तशीच लंका उभी केली. एका काळोख्या रात्री पेशवे सरदारांना घेऊन टेकडीवरून ती बघायला बसले. पुण्याचे इतिहाससंशोधक प. कृ. गोडे यांनी १९५३ साली भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, त्यात हा प्रसंग मला सापडला.

पंधरा दिवस वाचून मी थबकलो. आमचा एक स्प्रिंटही तेवढाच असतो आणि त्यात कधीकधी एक बटण धड जागेवर बसत नाही. इथे तर सगळं जुळवून टेस्टिंगची सोयच नाही. एकदा पेटवलं की संपलं. शिवाय उडणारा हनुमान! त्या काळच्या युरोपात दोरीवरून धावणारे आगीचे ड्रॅगन करायचे. नळीत दारू ठासायची, ती दोरीला अडकवायची आणि मागून पेटवायची.

बखर म्हणते, शहरातले लोकही मोठ्या संख्येने हे बघायला लोटले होते. म्हणून गेल्या दिवाळीत आई-बाबा, ताई आणि तिची सहा वर्षांची मुलगी यांना मी पर्वतीवर घेऊन गेलो. एकशे तीन पायऱ्या. बाबा दोनदा बसले. वर पोचलो तर अख्खं शहर हिरव्या-लाल ठिणग्यांनी फुटत होतं. भाचीने विचारलं, "तेव्हाच्या लंकेत हिरवं होतं?"

नव्हतं. निदान असं गडद तरी नाही. बेरियमचा हिरवा आणि स्ट्रॉन्शियमचा लाल खुलायला पोटॅशियम क्लोरेटसारखं रसायन लागतं. ते पॅरिसमध्ये १७८०च्या दशकात तयार झालं आणि फटाक्यांत रुळलं एकोणिसाव्या शतकात. पर्वतीखाली जळलं ते मुख्यतः शोरा, गंधक आणि कोळसा. म्हणजे सोनेरी, नारिंगी आणि भरपूर धूर. लंकादहनाला खरं तर हेच रंग शोभतात.

आता तो बघणारा पेशवा. महादजी जून १७९२ मध्ये पुण्यात आले, तेव्हा सवाई माधवराव अठरा वर्षांचे होते. वडिलांचा, नारायणरावांचा, खून झाला तेव्हा ते आईच्या पोटात होते. चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली. तीन वर्षांचे होते तेव्हा आईही गेली. पुढे नाना फडणवीसांच्या कडक देखरेखीखाली ते वाढले. अशा मुलाच्या आयुष्यात उत्तर हिंदुस्थान गाजवून आलेले, साठी ओलांडलेले पाटीलबावा येतात, त्याला शिकारीला नेतात, गोष्टी सांगतात, आणि सांगितलेली गोष्ट पंधरा दिवसांत खरी करून दाखवतात.

इतिहासाची पुस्तकं याला नानांवर केलेली कुरघोडी म्हणतात. ते बरोबरच आहे. महादजींना उत्तरेतल्या मोहिमांच्या खर्चाचा हिशेब मिटवायचा होता, नानांची पकड सैल करायची होती आणि त्यासाठी पेशवा आपल्या बाजूला हवा होता. मला मात्र त्या हट्टाचंच जास्त वाटतं. 'मला पण दाखवा' हे वाक्य आमच्या घरात रोज दहा वेळा ऐकू येतं. शनिवारवाड्यात ते बोलायचं कोणाजवळ?

१२ फेब्रुवारी १७९४ला महादजी वानवडीच्या छावणीत वारले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि त्यातच गेले. वय एकवीस.