शंखपुष्पी नेमकी कोणती?



आज आम्ही तुम्हाला आमच्या फजितीची गोष्ट सांगणार आहोत, आणि तिच्या मागे लपलेला साडेचारशे वर्षांचा इतिहासही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने औषधी वनस्पती गोळा करून विकायचं ठरवलं. व्यापारी म्हणाला, शंखपुष्पी आणा. आम्ही बाराजणी चार दिवस माळावर, बांधावर हिंडलो. सावलीत वाळवून पोती भरली. उघडून पाहिली तर निम्म्या पोत्यांत गोकर्णाची वेल, निम्म्यांत जमिनीला चिकटून पसरणारी विष्णुक्रांता. दोन्हींची फुलं निळी, आणि दोन्हींना कुणी ना कुणी शंखपुष्पी म्हणतंच. व्यापाऱ्याला हवी होती तिसरीच. सगळा माल परत आला, बाराजणींची चार दिवसांची मजुरी गेली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. नाव एक होतं, झाडं तीन होती.

त्याच संध्याकाळी आमच्यातल्या एकीची आठवीतली लेक ओसरीवर मोठ्याने पाठ करत होती : सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. इतके दिवस आम्हाला वाटायचं, हे परीक्षेपुरतं आहे. त्या दिवशी कळलं की आमच्या परत आलेल्या पोत्यांचं उत्तर या सात शब्दांत आहे.

वर्गीकरण म्हणजे काय? निवडणं. तांदूळ निवडताना आपण खडे, गोंडर वेगळं काढतो, तसंच. आपल्या आज्या-पणज्यांनीही झाडं निवडलीच होती. हे झाड, हे झुडूप, ही वेल. ही भाजी कोवळी असेतोवर खायची, ही मुळीच नाही. कीर्तनात आपण चार खाणी ऐकतो : जारज म्हणजे वारेतून जन्मणारे, अंडज अंड्यातून, स्वेदज घामातून, उद्भिज जमीन फोडून वर येणारे. हेही वर्गीकरणच. चरकसंहितेत झाडाझुडपांचे चार गट आहेत : फुलाशिवाय फळणारे वनस्पती, फूल येऊन फळणारे वानस्पत्य, फळ पिकलं की मरणाऱ्या औषधी आणि पसरणाऱ्या वीरुध. म्हणजे निवडण्याची रीत आपल्याकडे जुनीच. अडचण यायची ती एका गावचं नाव दुसऱ्या गावाला नेताना.

ही अडचण परदेशातून आलेल्यांना फार जाणवली. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आले. १५६३ मध्ये गोव्यातच त्यांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. ते संवादाच्या रूपात आहे. एकेका वस्तूला कोण काय म्हणतं, याचा त्यात खल चालतो. त्या संवादांत आंतोनिया नावाची त्यांच्या घरची मोलकरीण येते. हाक मारली की ती हवी ती वस्तू आणून समोर ठेवते. पुस्तकावर नाव मालकाचं, आणून देणारे हात तिचे.

पुढे शंभर वर्षांनी कोचीनला डच सत्ता होती. तिथले अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी मलबारातल्या झाडांची मोठी नोंद करायला घेतली. झाडांची माहिती सांगणाऱ्यांत प्रमुख होते इट्टी अच्युदन हे एळवा समाजातले वैद्य. त्यांच्या घराण्यात ताडपत्रांवरच्या वैद्यकीच्या पोथ्या होत्या. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मणही या कामात होते. या तिघांनी कोकणी भाषेत, नागरी लिपीत आपली साक्ष लिहून दिली आणि ती पुस्तकात तशीच छापली. इट्टी अच्युदन यांची मल्याळम साक्षही छापली आहे. ‘हॉर्टुस मलबारिकुस’ या नावाने १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला याचे १२ खंड निघाले. त्यांत ७०० हून अधिक वनस्पतींची चित्रं आणि वर्णनं आहेत.

आता नोंद तर झाली, पण नावाचा घोळ मिटेना. युरोपातले पंडित एकेका झाडाला लांबलचक वर्णनाचं लॅटिन नाव द्यायचे, आणि प्रत्येकाचं वेगळं. स्वीडनमधले कार्ल लिनियस यांनी १७५३ मध्ये सुमारे ६००० वनस्पतींच्या पुस्तकात सोपी रीत घातली : प्रत्येक वनस्पतीला दोनच शब्दांचं नाव. भारतातल्या झाडांसाठी त्यांनी मलबारच्या त्या खंडांचा आधार घेतला. १७५८ मध्ये प्राण्यांनाही हीच रीत लागू केली.

ही रीत आपल्याला अवघड नाही. शाळेच्या हजेरीपटावर आधी आडनाव येतं, मग मुलीचं नाव. तसंच हे. आंब्याचं नाव मँगिफेरा इंडिका. मँगिफेरा हे आडनाव, म्हणजे प्रजाती. इंडिका हे स्वतःचं नाव, म्हणजे जाती. हापूस असो, पायरी असो की रायवळ, सगळे मँगिफेरा इंडिकाच. कोकणात म्हणा नाहीतर ब्राझीलमध्ये, नाव तेच.

आडनावाच्या वर येतं कुळ. आंब्याच्या कुळात कोण कोण आहे? काजू, बिब्बा, चारोळी. आंब्याचा चीक तोंडाला लागला की फोड येतात, काजूच्या टरफलाचं तेल हात भाजतं, बिब्बा उततो. बघा, एका कुळाचा गुण कसा दिसतो. दुसरं कुळ वांग्याचं. टोमॅटो, मिरची, बटाटा, तंबाखू आणि धोतरासुद्धा त्यातलेच. म्हणून वांग्याला मर लागलेल्या वाफ्यात लगेच टोमॅटो किंवा मिरची लावू नये, कारण तो रोग त्यांनाही धरतो. लेकीच्या पुस्तकातलं कुळ असं आपल्या वाफ्यात कामाला येतं.

कुळाच्या वर गण, वर्ग, संघ, आणि सगळ्यांत वर सृष्टी. लिनियस यांनी सजीवांच्या दोनच सृष्ट्या मानल्या : वनस्पती आणि प्राणी. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते या दोन खणांत बसेना. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकर यांनी पाच सृष्ट्या मांडल्या : मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. दह्यातले जिवाणू मोनेरात. पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारी अळंबी वनस्पती नाही, ती कवकांत. म्हणजे शास्त्रसुद्धा आपली निवड पुन्हा पुन्हा तपासतं. घामातून जीव जन्मतो हे आपणही आता मानत नाहीच.

आता आमच्या पोत्यांकडे येऊ. जवळच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना आम्ही दोन्ही नमुने दाखवले. त्या म्हणाल्या, गोकर्ण म्हणजे क्लायटोरिया टर्नाटिया, तिचं कुळ वाल-तुरीचं. शेंग बघा. विष्णुक्रांता म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडस, तिचं कुळ रताळ्याचं. फळ बारीक, गोल. फुलाचा रंग एक, पण कुळं दोन. केरळात गोकर्णालाच शंखपुष्प म्हणतात, दुसरीकडे दुसऱ्याच झाडाला. चूक आमची नव्हती, आणि व्यापाऱ्याचीही नव्हती.

आमचं पैशावर निभावलं. पण कळलावीचा कंद कुणी खायचा कंद समजून घरी आणला तर जिवावर बेतेल, तो विषारी आहे. तिलाच कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे अग्निशिखा.

म्हणून आता गटात एक जाड वही आहे. झाडाची डहाळी फुला-फळासकट वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि पानावर टाचायची. खाली आपल्या गावचं नाव, शेजारच्या वाडीतलं नाव, आणि बाईंकडून खात्री करून दोन शब्दांचं शास्त्रीय नाव. व्यापाऱ्याशी बोलताना तेच नाव कागदावर लिहून घ्यायचं. लिहायचं काम शाळेतल्या मुलींचं, ओळखायचं म्हाताऱ्यांचं.

आणि शेवटची ओळ आम्ही हट्टाने ठेवली आहे : हे झाड कुणी दाखवलं तिचं पूर्ण नाव. इट्टी अच्युदन यांचं नाव आज घेता येतं, कारण त्यांची साक्ष कागदावर आली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. तुमच्या गावची नोंदवही मागून बघा. त्यात रानभाज्या आहेत का, आणि त्या सांगणाऱ्या बायकांची नावं आहेत का, हे ग्रामसभेत विचारा.

आमच्या वहीत आजवर एकेचाळीस पानं झाली. पहिल्या पानावर गोकर्ण आहे, दुसऱ्यावर विष्णुक्रांता. तिसरं पान व्यापाऱ्याला हव्या असलेल्या शंखपुष्पीसाठी कोरं ठेवलंय. ती सापडली की पुन्हा भेटूच.