तारखांवर तारखा आणि साक्षीदाराची आठवण

20 मार्च 1927. महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतलेल्या आपल्या माणसांवर सनातन्यांनी लाठ्या घेऊन हल्ला केला. त्याच वर्षी 6 जूनला पाच हल्लेखोरांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. घटना आणि शिक्षा यांत अंतर अडीच महिन्यांचे. अडीच महिन्यांपूर्वी आपल्याला कोणी मारले, हे माणूस सहसा विसरत नाही.

आता आपल्या कोल्हापुरात या. 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी कॉ. गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. 20 फेब्रुवारीला कॉम्रेड गेले. दहा आरोपींवर आरोपनिश्चिती झाली 9 जानेवारी 2023 ला. म्हणजे साक्षी सुरू होण्याआधीच जवळपास आठ वर्षे संपली. आठ वर्षांत शाळकरी पोराला मिशा फुटतात, म्हाताऱ्याची नजर जाते. अशा वेळी साक्षीदाराला विचारायचे, की मोटारसायकलवर मागे कोण बसले होते?

मित्रहो, या उशिराला आपण ‘यंत्रणेची दिरंगाई’ म्हणतो आणि पुढे जातो. माझे म्हणणे असे, की उशीर हा तटस्थ नसतो. तो नेहमी एकाच बाजूला झुकतो, आणि ती बाजू साक्षीदाराची नसते.

आठवणीचे शास्त्र काय सांगते ते पाहू. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, पुढे तो मंदावतो. म्हणजे पहिले काही तास आणि पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. आठवण नुसती पुसट होत नाही, ती बदलते. अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. 50 जणांना विचारले, ‘गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता?’ दुसऱ्या 50 जणांना प्रश्न तोच, पण ‘धडकल्या’च्या जागी ‘चक्काचूर झाला’ अशा अर्थाचा शब्द. आठवड्याने सर्वांना विचारले, ‘फुटलेली काच दिसली का?’ फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. पहिल्या गटातले 7 जण ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या गटातले 16. एका शब्दाने आठवडाभरात न पाहिलेली काच दाखवली! इथे तर साक्षीदाराच्या कानावर वर्षानुवर्षे पोलीस, पत्रकार, नातेवाईक आणि आपणही शब्द घालत असतो.

मग जुनी साक्ष खोटीच मानायची का? नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पुणे महापालिकेच्या एका सफाई कामगाराने तो पाहिला होता. मार्च 2022 मध्ये, साडेआठ वर्षांनी, त्याने न्यायालयात उभे राहून दोन आरोपींना ओळखले. बचाव पक्षाच्या हातात मोठे हत्यार होते, कारण सीबीआयच्या 2016 च्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दुसरीच दोन नावे होती. तरीही 10 मे 2024 ला न्यायालयाने त्या दोघांना जन्मठेप दिली आणि इतर तिघांना निर्दोष सोडले. रस्ता झाडणाऱ्या माणसाची साक्ष टिकली, ही साधी गोष्ट नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही 1983 मध्ये भरवाडा भोगीनभाई खटल्यात स्पष्ट केले आहे, की साक्षीदाराची स्मृती ही चित्रफीत नसते. वेळ, अंतर, कालावधी याबाबत माणूस अंदाजानेच बोलतो. बारीकसारीक विसंगतीवरून मूळ साक्ष फेकून देता येत नाही.

पण विसरणे आणि फिरणे यांत गल्लत करू नका. खर्ड्याच्या नितीन आगेचा खून 28 एप्रिल 2014 ला झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 23 नोव्हेंबर 2017 ला सगळे आरोपी सुटले. साडेतीन वर्षांत एकामागून एक माणसांची आठवण गेली, असे कोणी म्हणणार असेल तर त्याला गाव माहीत नाही. गावात दुकान कोणाचे, पाणी कोणाचे, मजुरी कोण देतो, हे पाहा. काळ आठवण पुसट करतो तो निसर्ग. त्याच काळात दबावाला काम करायला सवड मिळते, ती जातव्यवस्था. दोन्हींचा फायदा आरोपीलाच.

म्हणूनच 2015 च्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात रोजच्या रोज सुनावणी आणि आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत निकाल, ही तरतूद आली. कलम 15-अ ने साक्षीदाराला संरक्षणाचा हक्क दिला. कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरणही त्यातच आहे. कायदा आहे. तो मागणारे किती?

आता कटू बोलतो. अत्याचाराची बातमी आली की आपण गावात पोहोचतो. साक्षीदाराला गर्दीत उभे करतो, मोबाइल पुढे धरतो, ‘अमक्यानेच मारलं ना?’ असे विचारतो. सभेत त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावतो. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी बदलते. पुढे तेच व्हिडिओ उलटतपासणीत त्याच्यासमोर येतात. चळवळीची स्मृती सामूहिक असते, ती दहा जणांनी मिळून सांगितली की पक्की होते. न्यायालयातली स्मृती एकेकट्याची असते. दहा जणांनी मिळून सांगितली की ती संशयास्पद ठरते.

तेव्हा पहिल्याच दिवशी हे करा. साक्षीदारांना वेगवेगळे बसवा. ‘काय पाहिलंस?’ एवढेच विचारा, नाव आपण सुचवू नका. ‘माहीत नाही’ हेही उत्तर राहू द्या. लिहिता येत असेल तर त्यालाच लिहू द्या. येत नसेल तर दुसऱ्याने लिहून लगेच वाचून दाखवा, तारीख-वेळ घाला, सही किंवा अंगठा घ्या. घटना ताजी असताना असे लिहिलेले वाचून साक्षीदार न्यायालयात आपली आठवण ताजी करू शकतो, ही सोय पुरावा कायद्यात आहे. पण आधी वकिलाला विचारा, कारण तोच कागद बचाव पक्षही मागू शकतो. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेतली जात नाही, म्हणून नव्या संहितेच्या कलम 183 खाली दंडाधिकाऱ्यासमोर जबाब नोंदवण्याचा आग्रह धरा. धमकी आली तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती तो पाहते.

महाडनंतर चौदाव्या दिवशी, 3 एप्रिल 1927 ला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले आणि महाडची हकिकत त्यात छापून काढली. आज शंभर वर्षांनी आपण महाडबद्दल ठामपणे बोलतो, ते तेव्हा लगेच लिहून ठेवले गेले म्हणून. मोर्चा दुसऱ्या दिवशी काढता येतो. जबाब त्याच दिवशी लिहावा लागतो.

जय भीम!